आजीच्या कार्डावर फास्टर फेणे

कोल्हापुरातल्या आमच्या भागातल्या एका लहानशा वाचनालयाच्या वार्षिक सभेत यंदा दोन सूचना आल्या. पहिली, अनुदानाच्या पैशातून रहस्यकथा आणि तत्सम ‘हलकी’ पुस्तकं घेणं बंद करावं. दुसरी, बालविभागातली पुस्तकं प्रौढ सभासदांच्या कार्डावर देऊ नयेत. रोख कोणाकडे होता हे कुणाला विचारावं लागलं नाही. ही पुस्तकं नेणारे बहुतेक आम्हीच, साठी-सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. निर्णय पुढच्या सभेवर गेला, चर्चा मात्र थांबली नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरताना, ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत, राजारामपुरीत भाजी घेताना ती ऐकू येते. आणि दोन्ही बाजूंनी ती इतकी वाईट चालली आहे की लिहिल्यावाचून राहवेना.

सूचनेच्या बाजूचे म्हणतात, या वयात काही विचार देणारं वाचा, नाहीतर ज्ञानेश्वरी-दासबोध आहेच. त्यांच्याकडे मी येतेच. पण मला जास्त लागलं ते आमची बाजू घेणाऱ्यांचं बोलणं. ‘असू दे की, म्हाताऱ्या माणसांचा तेवढाच वेळ जातो,’ असं एकजण म्हणाले. दुसऱ्या म्हणाल्या, ‘मेंदूला व्यायाम होतो, विसरायला होत नाही.’ दोघांचाही हेतू चांगला होता. पण वेळ जायला हवा असं वाटण्याइतका वेळ आमच्याकडे आहे कुठे? घरात सगळ्यांत कमी वेळ ज्यांच्या हाती उरला आहे त्यांनाच तो कसाबसा घालवायला सांगायचा, ही कसली कणव? आणि औषध म्हणून पुस्तक द्यायचं, तर उद्या एखाद्या डॉक्टरनं पुस्तकापेक्षा शब्दकोडं बरं असं सांगितल्यावर आमचं कार्ड काढून घेणार का?

माझं म्हणणं असं आहे. आजी-आजोबांचं वाचन हे वाचन आहे. ते औषध नव्हे आणि वेळकाढूपणाही नव्हे. त्यांना रहस्यकथा आवडत असतील, मुलांची पुस्तकं आवडत असतील, तर सार्वजनिक वाचनालयानं ती सार्वजनिक पैशातून, इतर पुस्तकांच्या बरोबरीनं आणि निवडून घेतली पाहिजेत. वाचकाला त्यातून आनंद मिळतो एवढं कारण पुरेसं आहे. तरीही ज्यांना आणखी कारणं हवीत त्यांच्यासाठी ती भरपूर आहेत.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करते. पैसा थोडा आहे, हे खरं. वाचनालयाच्या अभ्यासिकेत राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडून आलेली पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलेली असतात, त्यांना चालू वर्षाच्या आवृत्त्या लागतात. खुर्ची एकच उरली असेल तर ती त्या पोरांना द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुष्कळ रहस्यकथा पाट्या टाकल्यासारख्या लिहिलेल्या असतात, हेही खरं. जुन्या रहस्यकथांत खलनायक काळा किंवा व्यंग असलेला, पहिला संशय नोकरावर, बाईमाणूस एकतर भोळी नाहीतर कपटी, असे साचे सर्रास सापडतात. परदेशी पुस्तकंही यातून सुटलेली नाहीत. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ सालच्या एका गाजलेल्या कादंबरीचं मूळ नावच वर्णद्वेषी होतं, ते बदलावं लागलं. आणि कोल्हापूर हे शाहू महाराजांचं, विचारांची परंपरा असलेलं गाव आहे, तिथल्या वाचनालयात वैचारिक पुस्तकांना मानाची जागा असलीच पाहिजे, हा मुद्दा तर मी सगळ्यांआधी मान्य करते.

आता पैशाकडे बघू. कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. आमच्या वाचनालयातल्या एका अनुवादित रहस्यकथेच्या चिठ्ठीवर जागा उरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली आहे. तीही भरत आली आहे. जांभळ्या शाईचे शिक्के एकावर एक, मध्येच कुणीतरी पेनानं लिहिलेली तारीख, कोपरे बोटांनी मऊ झालेले. त्याच मांडणीत वरच्या कप्प्यात पुठ्ठाबांधणीचे जाडजूड गौरवग्रंथ आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. अशा एका ग्रंथाच्या किमतीत तीन-चार रहस्यकथा सहज येतात. मग उधळपट्टी कशाला म्हणायचं? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं पहिलंच पुस्तकं वापरण्यासाठी असतात हे आहे. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. त्यांनी वाचकाला वयाची अट घातलेली नाही. गौरवग्रंथ घेऊ नका असं मी म्हणत नाही, त्यांचाही एखादा वाचक असतो आणि त्या एकासाठीही ते असावेत. पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडा. परीक्षेच्या पोरांच्या तोंडचा घास आजीची रहस्यकथा काढते, हे चित्र खोटं आहे.

कोल्हापूरच्या परंपरेची साक्ष काढता, तर ती नीट काढावी. करवीर नगर वाचन मंदिर इथे १८५० पासून आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आणि १९४५ साली, म्हणजे मद्रासच्या १९४८ च्या कायद्याच्याही आधी, कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं संस्थान. महाराष्ट्राचा ग्रंथालय अधिनियम त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६७ साली आला. हा क्रम मला फार बोलका वाटतो. सगळ्यांना अक्षर शिकवायचं ठरलं, की सगळ्यांना वाचायला काहीतरी द्यावं लागतं. सगळ्यांमध्ये प्राध्यापक येतात, तसा शाळा अर्धवट सुटलेला माणूसही येतो. शाळा सक्तीची करून पुढे त्याच्या हाती त्याला झेपेल आणि आवडेल असं पुस्तकच दिलं नाही, तर ते अक्षर किती दिवस टिकणार?

आमच्या शेजारच्या आक्कांची शाळा चौथीत सुटली. पाठच्या भावंडाला सांभाळायचं होतं. नंतर लग्न, शेत, म्हशी, पोरं. आता नातवंडं मोठी झाली, हात रिकामे झाले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि आक्का वाचायला लागल्या. त्यांना ‘किशोर’चे अंक आवडतात, कारण अक्षर मोठं, ओळींत अंतर, वाक्य लहान. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात. एकदा मुलांच्या एका हेरगोष्टीचं तिसरं-चौथं पान चाललं होतं. पुस्तकातला एक पाहुणा आत्ताच भर पावसातून आलो असं सांगत होता. आक्का थांबल्या आणि मला म्हणाल्या, ‘पावसातनं आलो म्हणतोय, आन् पायताण कोरडं कसं गं?’ चोर तोच निघाला. ज्या बाईला लहानपणी लहान मुलांचं पुस्तक मिळालंच नाही, तिला ते सत्तराव्या वर्षी मिळालं तर ते मुलांच्या वाट्याचं कसं ठरतं? ते तिचंच आहे, उशिरा पोचलेलं. बालविभागाच्या दारावर वयाची पाटी लावणाऱ्यांनी आधी आक्कांसारख्या बायकांना कोणत्या विभागात बसवणार ते सांगावं. माझ्या पिढीत, आणि माझ्या आधीच्या पिढीत तर फारच, अशा बायका घरोघरी आहेत.

मुलांच्या पुस्तकांबद्दल अढी बाळगणाऱ्यांना त्या पुस्तकांचा इतिहासही माहीत करून घ्यायला हवा. मी पोस्टात काउंटरवर होते. महिन्याच्या ठरावीक दिवसांत ‘चांदोबा’चे गठ्ठे यायचे. तो मराठीत १९५२ पासून निघू लागला. अंक नावावर यायचा मुलाच्या, पण टपालाच्या खिडकीशी उभा राहून पहिला उघडायचा तो बाप किंवा आजोबा. त्यातला विक्रम आणि वेताळ मुलांसाठी तयार झालेलेच नाहीत. त्या कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत. हा ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनाला विरंगुळा म्हणून रचला गेला. म्हणजे मोठ्या बाईच्या मनोरंजनासाठी लिहिलेलं नऊशे वर्षांनी मुलांच्या मासिकात आलं. आणि प्रत्येक कथेच्या शेवटी वेताळ काय विचारतो? यात दोष कुणाचा, अधिकार कुणाचा, खरा थोर कोण? त्या प्रश्नांवर आमच्या घरी मोठी माणसं हमरीतुमरीवर येत. बंगालमधलं उदाहरण याच्या उलट बाजूनं जातं. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं. त्यांचा नातू सत्यजित राय यानं पुढे ते पुन्हा सुरू केलं आणि १९६५ साली त्यातच फेलूदा हा गुप्तहेर आणला. मुलांसाठी लिहिलेला हा फेलूदा मोठ्यांनी उचलून धरला, मराठीतही आला, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या उशाशी होता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ कोणत्या विभागात ठेवायची? ती वाचून रडली ती फक्त मुलंच का?

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी मुलासाठी आणला, मग नातीसाठी, आणि आता माझ्यासाठी नेते. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा सायकल हाणत संकटात घुसतो आणि कुणी मोठा माणूस सोडवायला येईल याची वाट बघत नाही. नात सुट्टीत आली की आम्ही एकच पुस्तक दोघी वाचतो, ती पुढे पळते, मी मागून येते, आणि ती शेवट सांगून टाकते म्हणून आमचं भांडण होतं. हे भांडण दोन वाचकांचं असतं. तिला गोष्ट सांगणारी आजी एवढंच माझं काम असतं, तर ते झालंच नसतं.

रहस्यकथेवर तर जास्तच राग आहे. तो जुना आहे. आज ज्या कादंबरीला आपण गंभीर साहित्य म्हणतो, तिच्यावरही तो होता. एकोणिसाव्या शतकात कादंबरीला ‘नावल’ म्हणत आणि जाणती माणसं नाक मुरडत. पोरं बिघडतात, बायकांच्या डोक्यात भलतंसलतं शिरतं, वेळ फुकट जातो, हीच तक्रार तेव्हाही होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं. घराघरांत आठवड्याच्या आठवड्याला रंजन व्हावं म्हणून निघालेल्या त्या अंकांतूनच ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः आली. विधवेच्या केशवपनाची, बालविवाहाची ती कहाणी स्वयंपाकघरापर्यंत पोचली ती रंजनाच्या वाटेनं. त्या वेळच्या एखाद्या वाचनालयानं मनोरंजनाची साप्ताहिकं घ्यायची नाहीत असा ठराव केला असता, तर त्या कादंबरीतल्या यमूची कहाणी कुणाच्या हाती लागली असती? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या सगळ्या उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. पण झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या पायी गिरणीतल्या, हॉटेलातल्या, एस.टी.तल्या किती माणसांना वाचनाची गोडी लागली, हे त्या काळातल्या कुणालाही विचारा. वाईट रहस्यकथा असतात म्हणून रहस्यकथाच नको, हा न्याय लावायचा तर कवितासंग्रहांचं कपाट आधी रिकामं करावं लागेल. निवड करा, त्यासाठी तर समिती आहे. साच्यांची आणि वर्णद्वेषाची तक्रार मान्यच आहे, पण ती त्याच काळातल्या प्रतिष्ठित कादंबऱ्यांनाही लागू होते. आणि ते खटकण्याइतकं जग आम्ही बघितलेलं आहे.

मला सध्या ज्या रहस्यकथा आवडतात त्यांत रक्तपात पानावर दिसत नाही. खेडेगाव असतं, पंचवीस-तीस घरं, चर्च, पोस्ट, चहाच्या बैठका, आणि त्यात एक खून. शोधणारा पोलीस असतोच असं नाही. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही म्हातारी अविवाहित बाई. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. ती विणकाम करत बसते, कुणी तिला मोजत नाही, तिच्यासमोर लोक वाटेल ते बोलून जातात. आणि तीच उलगडा करते, कारण माणसं कशी वागतात हे तिनं आपल्या गावात आयुष्यभर पाहिलेलं आहे. अमका संशयित तिला पूर्वीच्या एखाद्या नोकराची किंवा शेजाऱ्याची आठवण करून देतो, आणि तिथून ती धागा पकडते. आता आपल्याकडे बघा. मालिकांत, फोनवर फिरणाऱ्या गोष्टींत, पुष्कळशा गंभीर कथांतही म्हातारी बाई कोण असते? सुनेनं टाकलेली, वृद्धाश्रमाच्या दाराशी बसलेली, नाहीतर देवघरात माळ ओढणारी. तिच्याबद्दल दुसऱ्यांना वाईट वाटावं एवढंच तिचं काम. म्हातारपण म्हणजे जमवलेली माहिती, म्हातारपण म्हणजे नजर, असं मला दाखवलं ते या ‘हलक्या’ पुस्तकांनी. मग कोणतं पुस्तक मला जास्त मान देतं?

माझ्या वयात घरी फोन येतो तो बऱ्याचदा कुणीतरी गेल्याचा. बहीण, मैत्रीण, पोस्टातले सोबती. प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकू येतं, ‘वय झालं होतं.’ त्यावर सगळं संपतं. रहस्यकथेत कुणाचाही मृत्यू वय झालं होतं म्हणून सोडून दिला जात नाही. ऐंशी वर्षांची एकटी बाई गेली तरी सगळं गाव थांबतं. शेवटची तिला कुणी पाहिली, ती काय म्हणाली, तिच्या कपातला चहा अर्धा का राहिला, याची विचारपूस होते. या पुस्तकांचा बहराचा काळ दोन महायुद्धांच्या मधला होता हा मला योगायोग वाटत नाही. लाखो माणसं नावनिशाणीशिवाय मेली होती, आणि वाचक अशी पुस्तकं उचलत होते ज्यांत एका माणसाच्या मरणाचा जाब विचारला जातो. हे पलायन आहे असं कुणाला वाटतं? मला तर ही न्यायाची भूक वाटते. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर माझ्या ओळखीच्या किती ज्येष्ठांनी रहस्यकथा हाती धरल्या, ते पाहून मला तसंच वाटलं.

संकटात माणसं काय वाचतात हेही बघावं. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या वाचनालयावर बॉम्ब पडला, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी वाचनालय भुयारी रेल्वेच्या स्थानकात नेलं, आणि आसऱ्याला आलेली लहान-थोर माणसं तिथून पुस्तकं नेऊ लागली. या वेळी हलकं वाचू नका, असं कुणी त्यांना म्हटलं असेल का? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखलीहून माझ्या जाऊबाई आमच्याकडे आल्या, अंगावरच्या लुगड्यानिशी आणि औषधांची पिशवी घेऊन. टीव्हीवर पाणीच दाखवत होते, त्यांना ते बघवेना. पोथी समोर ठेवली, तिच्यातही लक्ष लागेना. त्यांनी नातीच्या कपाटातला जुन्या ‘चांदोबा’चा बांधीव खंड काढला आणि पाणी उतरेपर्यंत तो सोडला नाही.

ज्ञानेश्वरी-दासबोध वाचा म्हणणाऱ्यांना सांगते, पहाटे हरिपाठ होतो आमचा. दुपारी फेलूदा वाचला म्हणून तो बाटत नाही. आणि वैचारिक वाचनाचा आग्रह धरणाऱ्यांना विचारते, विचार म्हणजे काय? लहान मुलानं गोष्टीचं पुस्तक वाचलं की आपण म्हणतो, छान, वाचनाची सवय लागेल, पुढे अभ्यासाला उपयोग होईल. तरुणानं वाचलं की परीक्षा, नोकरी, चारचौघांत बोलणं. आमच्या वाचनाला असा कुठलाच पुढचा उपयोग नाही. सत्तरीत मी कुठल्या परीक्षेला बसणार आहे? हलक्याकडून जडाकडे जायची पायरी म्हणूनही मला ही पुस्तकं नकोत. जड पुस्तकं मी आयुष्यभर वाचली, अजूनही वाचते. कसलाही फायदा नसताना, कुणावर छाप पाडायची नसताना, केवळ पुढे काय झालं हे कळावं म्हणून जो पान उलटतो, तो वाचक वाचनालयाला नकोसा का व्हावा? ज्या संस्थेचं अस्तित्वच वाचनावर आहे, तिला याहून खरा सभासद कुठे मिळणार?

पुढच्या सभेत दोन्ही सूचनांना मी विरोध करणार आहे, आणि नुसता विरोध करून बसणार नाही. रहस्यकथा आणि बालसाहित्य खालच्या कप्प्यात ठेवलं आहे, वाकून बघताना गुडघे धरून उठावं लागतं. ती पुस्तकं कंबरेच्या उंचीवर आणा आणि वरचे जाड ग्रंथ खाली न्या. मोठ्या अक्षरांतली पुस्तकं, मग ती कुणासाठीही छापलेली असोत, एका मांडणीत एकत्र लावा, म्हणजे आक्कांना बालविभागाच्या दाराशी घुटमळावं लागणार नाही. खरेदीच्या आधी सूचनावही उघडून बघा, तिच्यात ज्येष्ठ सभासदांनी लिहिलेली नावं तशीच पडून आहेत. आणि मतदानाच्या आधी ग्रंथपालांनी देवघेवीचं रजिस्टर सभेत आणावं. गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या पुस्तकांपैकी कोणती किती वेळा बाहेर गेली आणि कोणती एकदाही गेली नाही, ते नावानिशी वाचून दाखवावं. सूचना मांडणाऱ्यांनी ते ऐकावं, आणि मग कुठली खरेदी बंद करायची ते बोलावं.